हात वर, फिर

शर्टाच्या कारखान्यात शिलाईच्या रांगेच्या अगदी शेवटी एक उंच टेबल होतं, टेबलावर पांढराशुभ्र दिवा आणि दिव्याखाली ती. कामावरचं नाव चेकर, पण कारखान्यात सगळे तिला भिंग म्हणत. तोंडावर म्हणत आणि तिला त्याचा रागही नव्हता. शर्ट समोर आला की आधी कॉलर, दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवून. मग खांदे, बाह्या, कफ, बटणपट्टी, खिसा, बगलेची शिवण, खालची दुमड. शेवटी शर्ट उलटा करून आतले सुटे धागे. टाका उसवलेला असो की कफ केसभर तिरका असो, भिंगच्या नजरेतून सुटेल तर शपथ! दोष सापडला की तिथे लाल बाणाची चिकटपट्टी लावायची आणि जिने शिवला तिच्याकडे शर्ट परत. काहीच नाही सापडलं तर शर्ट गुपचूप ढिगावर. चांगल्या शर्टाला कोणी काही म्हणत नसतं. म्हणायचं काय त्याला?

मशीनवरच्या बायका तिच्या नावाने कडाकडा बोटं मोडत, पण मनातून तिला मानत. भिंगने पास केलेला शर्ट बाहेरून परत आला, असं आजवर झालं नव्हतं. ती हे स्वतःहून कुणाला सांगत नसे, पण कुणी सांगायला लागलं तर थांबवतही नसे.

कॉलर शिवणारी एक जाडजूड, तोंडाळ बाई होती. तिचे शर्ट सगळ्यात जास्त परत येत, म्हणून दोघींची गट्टीही सगळ्यात जास्त. एकदा जेवणाच्या सुट्टीत ती सगळ्यांसमोर म्हणाली, "काय गं भिंग, लग्नाआधी नवराही उलटा करून बघितलास का?"

"बघितला असता तर केला असता होय?" भिंगने डब्याचं झाकण काढता काढता उत्तर दिलं, आणि सगळं टेबल हसून हसून लोळलं.

पण गंमत अशी की, दिवा बंद केला की विझतो, डोळे विझत नाहीत. घरी जाताना बसमध्ये बसली तरी हिची नजर आपली भिरभिर चालूच. याचं बटण सैल, तिच्या पदराची शिवण निसटलेली. एकदा पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या कोटाला धागा लोंबत होता. दोनतीन थांबे तिने कळ काढली. मग राहवेना. पर्समधली छोटी कात्री काढली आणि कचकन धागा कापला. तो माणूस पाकीटमार, पाकीटमार म्हणून ओरडला, अख्खी बस गोळा झाली, आणि हिचं आपलं एकच, "अहो, उसवत गेला असता सगळा!" तेव्हापासून ती खिडकीशी बसायची आणि मुद्दाम बाहेर बघायची. बाहेर दुकानांच्या पाट्या तिरक्या असत, तो भाग वेगळा.

घर सायकलदुरुस्तीच्या दुकानावर, दोन खोल्यांचं. नवरा बेकरीत भट्टीवर. तो उजाडायच्या आधी जायचा आणि दुपारी येऊन भुवयांवरच्या पिठासकट आडवा व्हायचा. घोरायला लागला की खालचा सायकलवाला म्हणायचा, आज हवेचा पंप मी चालवत नाहीये बरं का. माणूस भोळ्याभाबड्या स्वभावाचा, कशाचा त्रास न करून घेणारा. आणि यांची एकुलती एक लेक, आठ वर्षांची. बापाने तिचं नाव ठेवलं होतं टकळी, कारण जाग आली की तिचं तोंड सुरू व्हायचं ते झोप लागली तरी मिनिटभर चालूच राहायचं.

या पोरीला आईने तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. दूध, अंडं, पालेभाजी, गाजर. वेळेवर झोप. दात दोनदा, तेही समोर उभं राहून. दवाखान्यात भिंतीवर लावलेलं मुलांच्या आरोग्याचं एकही पत्रक तिने न वाचता सोडलं नव्हतं. पोरीला अभ्यासाला उजेड हवा म्हणून खिडकीजवळची स्वतःची खाट तिने आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेली होती. आणि रोज सकाळी शाळेत जाताना, रोज संध्याकाळी आपण कामावरून आल्यावर, दारात पोरीला उभी करायची आणि म्हणायची, "हात वर. फिर."

टकळी हात वर करून गोल फिरायची.

"कानामागे साबण राहिलाय. डावा मोजा खाली आलाय. नखं बघू. हे कसलं पिवळं? मानेला काय लागलंय? वेणी एकीकडे ओढलीस बघ." सापडेल ते ती तिथल्या तिथे सांगायची, पुसायची, ओढून सरळ करायची. आणि काही सापडलं नाही तर म्हणायची, "जा." तेवढंच. चांगल्याला काय म्हणायचं असतं?

तिला हे असं का लागलं, ते कुणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. आईबाप लवकर गेले आणि ती मामाकडे वाढली. मामा-मामी काही वाईट नव्हते. मारत नव्हते, उपाशी ठेवत नव्हते. फक्त बघत नव्हते. घरात माणसं इतकी की हिच्याकडे नजर जायची वेळच येत नसे. एकदा तिच्या पायात काच गेली. ती लंगडत शाळेत गेली, लंगडत घरी आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. पाय सुजून भोपळा झाला, अंग तापाने फणफणलं, तेव्हा मामी म्हणाली, "अगं बाई, हे कधी झालं?" पाय वाचला, पण चालीत थोडी लचक राहिली ती राहिलीच. पोर पोटात होती तेव्हाच तिने ठरवून टाकलं होतं की हिच्या अंगावरचा तीळसुद्धा माझ्या नजरेतून सुटायचा नाही. ज्याची माया असते त्याच्याकडे माणूस बघतो, हे तिचं साधं गणित होतं. आणि गणित चुकीचं होतं असंही नाही, म्हणूनच तर पुढचा सगळा घोळ झाला.

झालं असं की टकळी गप्प झाली.

एका दिवसात नाही. आधी जेवताना बोलायची थांबली. मग शाळेतल्या गोष्टी सांगायची थांबली. विचारलं तर "काही नाही." काय केलंस? काही नाही. कोण भेटलं? कोणी नाही. मग नखं कुरतडायला लागली, आणि सकाळी शाळेची वेळ झाली की नाही, पण संध्याकाळी आई यायची वेळ झाली की पोट दुखायला लागायचं. दिवा लावायच्या वेळेला पोटावर हात धरून कोपऱ्यात बसलेली असायची.

भिंगच्या जिवाची नुसती घालमेल. टेबलावर शर्ट उलटा करताना हात चालायचे, मन घरी. पोरीला काय होतंय? तिने केलं ते तिला येत होतं तेच. पोरीची जीभ बघितली, डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली, पोट दाबून बघितलं, पाठीचा मणका न् मणका चाचपला. सकाळ-संध्याकाळच्या 'हात वर, फिर'ला आता दुपटीने वेळ लागायला लागला. दूध बंद करून पाहिलं, सुरू करून पाहिलं. डबा बदलला, उशी बदलली, झोपेची वेळ अलीकडे आणली. दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, पोरीशी दोन शब्द बोलायचा प्रयत्न केला आणि म्हणाल्या, "शरीराने अगदी ठणठणीत आहे. घरात काही ताणतणाव?"

"छे! घरात काय असणार? मी सगळं डोळ्यात तेल घालून बघते," भिंग म्हणाली. आणि तिथून निघाली ती आणखीच अस्वस्थ होऊन. काही नाही म्हणजे काय? काही नाही असं कसं असेल? शर्ट ओढला जातोय म्हणजे कुठेतरी टाका चुकलेलाच असतो. दिसत नाही म्हणजे आपणच नीट बघितलं नाही.

नवरा म्हणाला, "अगं, जरा मोकळं सोड तिला. किती तपासशील? पोर आहे का पाव, सारखा दाबून बघायला?"

"तुम्ही दिवसभर घोरा! मी नाही बघायचं तर कोणी बघायचं? शेजाऱ्यांनी?"

तो बिचारा कूस बदलून झोपला. त्याच्याकडे भांडायला लागणारी ताकदच नव्हती, आणि भिंगला तर कुणाशी तरी भांडायचंच होतं. मग तिने रिकामी भांडी पुन्हा घासली.

त्यानंतर एका दुपारी कारखान्यात कापडाची गाडी आली नाही, रांग थंडावली आणि सुपरवायझरने अर्ध्या लोकांना घरी सोडलं. बाकीच्या बायका बाजाराकडे वळल्या. भिंग धावतपळत घरी आली. टकळी शाळेतून येऊन घरी असेल, बाप झोपलेला असेल. आपण अचानक गेलो तर पोर एकटी काय करते ते तरी कळेल, हा तिचा हिशोब. जिना चढली, दार ढकललं. नवरा घोरत होता. पोर नव्हती.

"अहो! पोर कुठे आहे?"

तो दचकून उठला. "इथेच असेल की. रोज मी उठतो तेव्हा असतेच."

"उठता तेव्हा असते! पण शाळा कधीची सुटली! त्याच्या आधी कुठे असते?"

त्याला माहीत नव्हतं. किती दिवस माहीत नव्हतं तेही त्याला माहीत नव्हतं. नवऱ्याने बुटाच्या नाड्या न बांधताच मैदानाकडे धूम ठोकली, ती शाळेकडे.

शाळा दोन गल्ल्यांपलीकडे. त्या दोन गल्ल्या तिला संपता संपेनात. चाव्या बनवणाऱ्याला विचारलं, औषधांच्या दुकानात विचारलं, फळवाल्याला विचारलं. प्रत्येक जण आधी 'कशी दिसते' विचारायचा आणि ही सांगायला लागायची, डाव्या भुवईत छोटा व्रण, उजव्या कानाची पाळी किंचित मोठी, पुढचा एक दात अर्धा आलेला. फळवाला म्हणाला, "बाई, एवढं जवळून मी माझ्या बायकोला नाही बघितलं. रंग सांगा फ्रॉकचा." डोक्यात नको नको ते येत होतं. रस्त्यावर एवढ्या गाड्या. लचकणारा पाय भराभर चालायला नाही म्हणत होता, तरी ती त्याला ओढत होती.

शाळेचं फाटक लागलेलं होतं. आतून वर्गबाई वह्यांची पिशवी सावरत निघाल्या होत्या. भिंगने त्यांचा हातच धरला.

"बाई, माझी मुलगी? घरी नाही पोचली!"

वर्गबाई आधी घाबरल्या, मग त्यांना आठवलं. "अहो, ती लाँड्रीत असेल, कोपऱ्यावरच्या. रोज तिकडेच जाते. तुम्हीच सांगितलंय ना तिला?"

"मी? लाँड्रीत?"

"आज चित्रकलेच्या तासाला रंगाचं पाणी सांडलं फ्रॉकवर. आधी नळावर धुवत बसली, मग तिकडे पळाली. पण एक बोलू का? तुमची मुलगी भारी गोड आहे. नुसती बडबड, बडबड! तिला गप्प करता करता नाकी नऊ येतात माझ्या."

भिंगला वाटलं, बाई दुसऱ्याच कुणाच्या मुलीबद्दल बोलतायत. "माझी? ती बोलते?"

"बोलते म्हणजे! फक्त शाळा सुटायची वेळ झाली की तिचा एक खेळ असतो. मैत्रिणीपुढे हात वर करून उभी राहते आणि गोल फिरते. म्हणते, 'मागून बघ गं, काही आहे का?' मग नखं धुते, मोजे ओढते. सगळ्या मुलींना आता तो खेळ लागलाय. तुमच्याकडे घरी खेळता का हा?"

भिंग आभारही न मानता लाँड्रीकडे वळली.

लाँड्री लहानशी होती. दारातून वाफ बाहेर येत होती, गठ्ठ्यांची चळत छतापर्यंत. दारापाशी पोचायच्या आधीच भिंगला आवाज ऐकू आला आणि तिचे पाय जागच्या जागी थांबले. टकळीचा आवाज. न थांबता, श्वास न घेता, वरच्या पट्टीत. किती महिन्यांत तो ऐकला नव्हता! तिने भिंतीचा आधार घेतला. पोर सापडली होती, सुखरूप होती. तिथेच तिने डोळे पुसले, आणि आत जायच्या ऐवजी ती ऐकत राहिली.

"...आणि माझ्या आईला ना, सगळं दिसतं. तुला नाही दिसणार ते पण दिसतं. शर्टाच्या आतलं पण दिसतं."

"हो का? मग मला बाई तिला भेटायचं नाही," लाँड्रीवालीचा जाडा आवाज आला, आणि इस्त्री आपटल्याचा.

"अगं ती चांगली आहे! तिने पास केलेला शर्ट एकदासुद्धा परत नाही आला. एकदासुद्धा नाही! कॉलरवाल्या मावशीचे तर रोज नापास होतात."

"आणि तू?"

"मी अजून नाही झाले पास," पोर म्हणाली. तिच्या आवाजात रडणं नव्हतं, तक्रार नव्हती. उद्या शाळेला सुट्टी नाही, असं सांगावं तसं तिने सांगितलं. "रोज काहीतरी राहतंच. पण तू कडक इस्त्री केलीस ना, की होईन एखाद दिवशी. पाठीमागून पण कर हं."

काखेत कळसा नि गावाला वळसा, म्हणतात ना. जीभ बघितली, पोट बघितलं, डॉक्टर झाले, उशी झाली, दूध झालं. जिथे बघायचं राहिलं होतं तिथे ही स्वतः रोज उभी होती, सकाळी आणि संध्याकाळी, दारात. भिंगला इतकी लाज वाटली की कान तापले. वाटलं, असंच मागच्या मागे निघून जावं. पण पाय उलट आत गेले.

टकळी एका उंच स्टुलावर बसली होती. अंगात लाँड्रीवालीचा जुना झगा, गुडघ्याच्याही खाली आलेला. फ्रॉक टेबलावर वाफाळत होता. आई दिसली आणि वाक्य अर्ध्यावर तुटलं. चेहऱ्यावरचं सगळं पुसल्यासारखं गेलं. ती स्टुलावरून खाली उतरली, त्या झग्यात अडखळली, सरळ उभी राहिली. कुणी काही म्हणायच्या आधी तिने दोन्ही हात वर केले आणि हळूहळू गोल फिरायला लागली.

लाँड्रीवालीने इस्त्री उभी केली आणि या दोघींकडे बघत राहिली.

भिंगला ओरडून म्हणावंसं वाटलं, पास! पास झालीस गं तू, जन्मली तेव्हाच पास झालीस! शब्द ओठांवर आला होता. पण पास म्हटलं की पुन्हा उद्या उभं राहणं आलंच, एवढं तिला त्या क्षणीही कळलं. ती नुसती म्हणाली, "हात खाली घे." पण तिला बोलायची सवय ती एकाच सुराची. ते वाक्यही तिच्या तोंडून दटावल्यासारखंच निघालं, आणि पोरीने झटकन हात खाली घेतले, पाठीमागे लपवले.

"अगं, ओरडत नाहीये मी," भिंग म्हणाली, आणि रडायला लागली. तिथेच, लोकांच्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसून.

"अहो बाई, तो गठ्ठा धुतलेला आहे!" लाँड्रीवाली म्हणाली. मग तिलाच स्वतःचं हसू आलं. "राहू दे, बसा. पैसे-बिसे नाही हं घेत मी पोरीकडून. तिच्या गप्पांवर माझी दुपार निघते. मला वाटलं, तुम्हीच पाठवताय."

घरी जाताना दोघी एकमेकींचा हात धरून चालल्या. नवरा मैदानावरून धापा टाकत येताना भेटला, त्याने पोरीला उचललं आणि तिच्या कडक इस्त्रीच्या फ्रॉकला भुवयांवरचं पीठ लागलं. भिंगचा हात पुसायला पुढे गेला होता. तिने तो परत घेतला, पण घेताना पोरीने बघितलंच.

आता इथून पुढे सगळं गोडीगुलाबीने झालं असं वाटत असेल तर विसरा. जित्याची खोड, ती अशी जाते होय? दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगने ठरवल्याप्रमाणे हात वर करायला सांगितलं नाही. ती ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. तर टकळी दारातून हलेना. "आज बघणार नाहीस?" तिने विचारलं. तिच्या आवाजात सुटकेपेक्षा भीतीच जास्त होती. आता न बघताच नापास केलं की काय, असं तिला वाटलं असणार. भिंगने घाईघाईने वळून म्हटलं, "केस छान दिसतायत." पोर धावत आरशाकडे गेली, केसांना काय झालंय ते बघायला.

चार दिवस बरे गेले आणि पाचव्या दिवशी मोज्यावरून ती इतकी ओरडली की खालचा सायकलवालासुद्धा चूप झाला. मग स्वतःवरच चिडून दिवसभर धुसफुसत राहिली. तीन चुकलेले शर्ट तिने नजरचुकीने ढिगावर टाकले आणि कॉलरवाली मशीन सोडून तिच्या टेबलापाशी आली.

"काय झालंय तुला? माझा नापास शर्ट तू पास केलास. आता मला भीती वाटायला लागलीये."

भिंगने तिला सगळं सांगितलं. हळू आवाजात, शर्ट उलटसुलट करत. कॉलरवालीने एरवीसारखा विनोद केला नाही.

"डोळे तर तुझे काही फुटायचे नाहीत," ती शेवटी म्हणाली. "आणि फुटू पण नयेत, पोर आहे, बघायलाच हवं. पण दिसलं की लगेच सांगायलाच पाहिजे, असं कुणी सांगितलंय? मला इतकी वर्षं बाण लावतेस. कधी एकदा म्हणालीस का, आज तुझी कॉलर बरी झाली?"

"बरी झालेली मी बघितलेली असते."

"मला काय स्वप्न पडतं?"

संध्याकाळी निघताना तिने कॉलरवालीचा एक शर्ट ढिगातून काढून तिच्यासमोर धरला आणि म्हणाली, "ही बरी झाली." कॉलरवालीने तोंडावर पदर धरून मान फिरवली.

दिवस जात राहिले. पोटदुखी आधी कमी झाली. नखं अजून कुरतडलेलीच होती. टकळी रोज लाँड्रीत जायची, आता सांगून जायची. घरी मात्र अजून मोजकंच बोलायची, एकेक शब्द तोलून, आईच्या तोंडाकडे बघत. भिंग जेवताना हात मांडीखाली दाबून बसायची, म्हणजे ते आपण होऊन कुणाच्या कॉलरीकडे जाणार नाहीत. नवरा म्हणायचा, "थंडी वाजतेय का?" ती त्याच्याकडे असं बघायची की तो निमूट भात वाढून घ्यायचा.

आणि एके संध्याकाळी ती कामावरून आली तर टकळी जिन्यातच भेटली. नाचत नाचत, धापा टाकत, तोंड सुरू. शाळेत मांजर आलं होतं. वर्गात. बाईंच्या टेबलावर. घरात शिरल्यावर भिंग पिशवी खाली न ठेवताच खुर्चीत बसली. पोर समोर उभी राहून हातवारे करत सांगत होती, मांजर कसं खिडकीतून आलं, खडूच्या डब्यात कसं तोंड घातलं, नाक कसं पांढरं झालं. आणि भिंगला काय दिसत होतं? पोरीच्या अंगातला शर्ट उलटा होता. खेळाच्या तासाला कपडे बदलून घाईत घातला असणार. सगळ्या शिवणी बाहेर. बगलेत वीतभर धागा लोंबतोय. खिशाची आतली बाजू, बटणांची मागची बाजू, मानेवरचं लेबल, सगळं उघड्यावर. भिंगच्या बोटांना अक्षरशः मुंग्या आल्या. दिवसभर ज्या हातांनी उलटे शर्ट सुलटे केले, त्यांना हा एकच शर्ट उलटाच राहू द्यायचा होता. तिने पिशवीचे बंद मुठीत आवळून धरले.

"...आणि मग बाई म्हणाल्या, कोणी हलू नका, आणि मग मांजराने ना..." बोलता बोलता पोरीने हात वर नेला, मांजराची उडी दाखवायला, आणि तिला स्वतःची बाही दिसली. शिवण दिसली. लोंबणारा धागा दिसला.

ती थांबली. हात तसाच हवेत. तिने खाली शर्टाकडे बघितलं, मग आईकडे. चेहऱ्यावरचं हसू एकेका कोपऱ्यातून मावळायला लागलं. दुसरा हातही आपसूक वर यायला लागला.

"आई, माझा शर्ट उलटा आहे."

"हो. बघितलं मी."

पोर वाट बघत राहिली.

"मग?" तिने अगदी बारीक आवाजात विचारलं.

"मग मांजराने काय केलं?"

टकळी बराच वेळ आईच्या तोंडाकडे बघत राहिली. हात हळूहळू खाली आले. मग तिने दुसरी खुर्ची खरखर ओढत आईच्या गुडघ्यांना लागेल इतकी जवळ आणली, वर चढून बसली, आणि मांजर खिडकीतून आलं तिथपासून सगळं पुन्हा सांगायला सुरुवात केली.